अल्ट्रासाऊंडनं इन्सुलिनची सुई बंद होत नाही, तो फॉरवर्ड थांबवा

खानापूर, निपाणी, चिक्कोडी, सगळीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरालाय, मराठीत पण आणि कन्नडमध्ये पण. म्हणे अमेरिकेत सिद्ध झालंय की अल्ट्रासाऊंडनं, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लाटांनी, औषध त्वचेतून थेट रक्तात जातं, म्हणून शुगरवाल्यांनी जेलमध्ये इन्सुलिन मिसळायचं, फिजिओथेरपीचं छोटं मशीन पोटावर १० मिनिटं फिरवायचं, सुई कायमची बंद, साईड इफेक्ट शून्य, डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत. आमच्या गल्लीतली वयस्क माणसं हे खरं मानून मशीनची किंमत विचारालेत, म्हणून लिहितोय.

"सिद्ध झालंय" म्हणजे काय ते आधी बघू. १९९५ साली अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठातल्या मित्रगोत्री, ब्लँकश्टाईन आणि लँगर यांनी अल्ट्रासाऊंड देऊन इन्सुलिन माणसाच्या त्वचेतून पार करून दाखवलं, हे अगदी खरं आणि मोठं काम आहे, आणि त्यातले समीर मित्रगोत्री मुंबईच्या यूडीसीटीत, म्हणजे विद्यापीठाच्या केमिकल टेक्नॉलॉजी विभागात शिकलेले, याचा मला अभिमानच वाटतो. खरं तो प्रयोग प्रयोगशाळेत ठेवलेल्या त्वचेच्या तुकड्यावर होता, चालत्याबोलत्या पेशंटवर नव्हे. नंतर उंदीर, ससे, डुकरं यांच्यात साखर उतरलेली दिसली. त्यावरून रोजची सुई सोडता येईल असं घरगुती मशीन निघालेलं नाही.

आता मशीन. सगळा घोळ इथंच आहे. त्या प्रयोगातलं मशीन २० किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला २० हजार कंपनं. फिजिओथेरपीवाल्याकडचं असतं १ किंवा ३ मेगाहर्ट्झचं, म्हणजे १० लाख किंवा ३० लाख. नाव दोन्हीचं अल्ट्रासाऊंडच, काम वेगळं. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड, पण पहारा कडक, साधारण ५०० डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) वरचा रेणू तो सहसा आत सोडत नाही आणि इन्सुलिनचा रेणू जवळजवळ ५८०० डाल्टनचा. कमी कंपनांच्या लाटेत जेलमध्ये बारीक बुडबुडे होतात, ते त्वचेजवळ फुटतात आणि त्या थरात तात्पुरत्या वाटा पडतात. मेगाहर्ट्झच्या मशीननं हे फार कमी होतं, म्हणून फिजिओचं मशीन पोटावर कितीही फिरवलं तरी इन्सुलिन वरच राहणार.

आणि समजा थोडं गेलंच आत, तर किती गेलं ते कोण सांगणार? आपल्याकडची इन्सुलिनची बाटली बहुतेक एका मिलिलिटरला ४० युनिटची, लाल टोपीच्या सिरिंजवर एकेक युनिट मोजून घ्यायला सांगतात ते उगीच नाही. दोन-चार युनिट इकडंतिकडं झालं तर माणूस घामाघूम होऊन पडू शकतो, नाहीतर साखर चढत जाते. जेलच्या डबीत ओतलेल्या इन्सुलिनला डोस म्हणतच नाहीत.

"साईड इफेक्ट शून्य" हे तर साफ खोटं. एकाच जागी धरलं तर भाजतं. बऱ्याच जुन्या शुगरवाल्यांच्या पायाला बधिरपणा असतो, तिथं मशीन फिरवलं तर भाजलेलं कळतच नाही, मग जखम, आणि ती भरताना काय हाल होतात ते ज्यांच्या घरात झालंय त्यांना विचारा. गरोदर बाईच्या पोटावर, कॅन्सरच्या गाठीवर, डोळ्यावर हे मशीन लावायचं नसतं, पेसमेकरवाल्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये.

डॉक्टर लपवतात म्हणे! १९५४ सालीच सांधेदुखीला हायड्रोकॉर्टिझोन हे सूज उतरवणारं औषध अल्ट्रासाऊंडनं देऊन पाहिलेलं छापून आलंय. २००४ मध्ये औषधं आणि मशीनं तपासून परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेनं सोनोप्रेप नावाच्या मशीनला परवानगी दिली, ती त्वचा बधिर करणारं लिडोकेन लवकर मुरावं म्हणून, इन्सुलिनसाठी नव्हे. हे सगळं उघड आहे.

विड्या वळून किंवा मागावर बसून ज्यांची मान-खांदे भरून येतात त्यांनी फिजिओकडं अल्ट्रासाऊंडचा शेक जरूर घ्यावा, तिथं औषधी जेल लावतात ते पण ठीक, मात्र घरचं कुठलंही जाड पांढरं मलम चालत नाही, त्यातली काही लाटच आत जाऊ देत नाहीत.

सुईचीच भीती असेल तर पेनला ४ मिलिमीटरची बारीक सुई मिळते, डॉक्टरला तेवढं विचारा. आणि हा मेसेज वाचून कुणी इन्सुलिन सोडलं असेल तर आजच साखर तपासा. उलटी, पोटदुखी, जोरजोरात श्वास, गुंगी यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता सरळ मोठ्या दवाखान्यात न्या, विशेष करून लहानपणापासून शुगर असलेली पोरं असतील तर.