खुलासा : पिस्तुलावरचा मुकुट आणि गरुड

जुन्या जर्मन खिशातल्या पिस्तुलांबद्दल एक संदेश फिरतोय: 'मुकुटाचा शिक्का असेल तर कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) काळातलं, गरुड असेल तर नाझी अधिकाऱ्याचं.' दोन्ही चूक.

वाल्थर कंपनीचं 'पीपी' हे खिशातलं पिस्तूल बाजारात आलं 1929 साली. कैसरने गादी सोडली 1918 मध्ये. तरीही सुरुवातीच्या पीपींवर मुकुट आणि त्याखाली 'एन' हे अक्षर ठसठशीत दिसतं. कारण तो राजाचा नव्हे, चाचणीगृहाचा, म्हणजे विक्रीआधी पिस्तूल झाडून तपासणाऱ्या संस्थेचा शिक्का: धूरविरहित दारूच्या काडतुसाने तपासणी झाली, एवढाच त्याचा अर्थ. अशा तपासणीच्या 1939 च्या कायद्यानंतर, 1940 पासून मुकुटाच्या जागी गरुड आला. दुकानात सामान्य गिऱ्हाइकाला विकलेल्या पिस्तुलावरही तोच.

लष्कराने स्वीकारलेल्या नगाचा शिक्का वेगळा असतो. वाल्थरवर इवलासा गरुड आणि 359 हा आकडा. भिंग लावूनच बघा.

आणि गरुडाखाली 'एन' हा शिक्का युद्धानंतर पश्चिम जर्मनीतही चालू राहिला. शेजारी हरणाचं शिंग दिसलं, तर ते पश्चिम जर्मनीतल्या उल्म शहराच्या चाचणीगृहाचं, म्हणजे पिस्तूल युद्धोत्तर. युद्धाआधीच्या वाल्थरवर गावाचं नाव त्सेला-मेलिस असतं. नुसत्या गरुडाकडे बघून 'अधिकाऱ्याचं' म्हणून कुणी जादा किंमत मागितली, तर कृपा करून देऊ नका.