वाद्याच्या किमतीचं एवढं काय!

कलावंतहो, पैशाचा विचार तुम्हाला शोभत नाही. तो करायला आम्ही आहोत ना! संयोजक आहेत, मंडपवाले आहेत, फ्लेक्सच्या डाव्या कोपऱ्यात हात जोडून उभे असलेले माननीय आहेत. तुम्ही फक्त सुरात राहायचं. पण हल्ली कुठल्याही मैफलीनंतर चहाच्या टेबलाशी जरा रेंगाळलं की कानावर काय पडतं? तंबोरा केवढ्याला पडला, तबल्याची पुडी (वरचं चामडं) किती महागली, सतारीची खुंटी फिरेना म्हणून दुरुस्तीला मिरजेची फेरी कशी झाली. सरस्वतीच्या दरबारात किराणा दुकानातल्यासारख्या गोष्टी! (गाण्याच्या घराण्यातला किराणा नव्हे, दुकानातलाच.) म्हणून थोडं समजावून सांगावं म्हटलं.

तंबोऱ्यापासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त कुरकुर त्याचीच. बऱ्यापैकी तंबोऱ्याला आज चाळीस-पन्नास हजार मोजावे लागतात म्हणे. कशाचे? भोपळ्याचे! भोपळा मंडईत किलोवर मिळतो, हे आमच्या खजिनदारांनी स्वतः जाऊन पाहिलं आहे. यावर तुम्ही सांगणार, की हा भोपळा वेगळा, कडू, भीमाकाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकणारा. तो वेलीवरच जून होऊ द्यायचा, मग महिनोन्‌महिने वाळवायचा, कापायचा, कोरायचा. त्याला तुणीच्या लाकडाचा गळा आणि दांडी जोडायची, भोपळ्याच्या तोंडावर लाकडी तबली बसवायची, पॉलिश करायचं, खुंट्या बसवायच्या आणि एवढं सगळं झाल्यावर तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासत बसायचं. बरं, मान्य. पण एवढ्या खटाटोपातून वाजतं काय? चार तारा. त्यावर राग नाही, ताल नाही, तान नाही. तासभर त्याच चार तारा त्याच क्रमाने. मागे बसून छेडणारी शिष्यासुद्धा त्याकडे बघत नाही. आमच्या खजिनदारांनी हिशेब केला, तारेमागे साडेबारा हजार होतात. ऑडिटमध्ये कसं दाखवायचं?

तुम्ही म्हणाल, जवारी! हा तुमचा हुकमी पत्ता. घोडीचा माथा कानस लावून केसाएवढा घासायचा, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, पुन्हा ऐकायचं, पुन्हा घासायचं, की मग एकाच तारेतून स्वरांचा पिसारा फुलतो. षड्जाच्या पोटातून गंधार ऐकू येतो, असंही तुम्ही सांगता. येत असेल. आमच्या मंडपात जनरेटरचाही येतो. आणि पावसाळा आला, हवा बदलली, की हे सगळं परत करायचं! ज्या वस्तूची दुरुस्ती नुसत्या कानाने होते आणि मोजपट्टीने होत नाही, तिच्यावर पैसे घालणं म्हणजे अंधश्रद्धाच. गंमत म्हणजे अर्धा दिवस मान मोडून जवारी काढणारा कारागीर मागतो किती? पाहुण्यांच्या गळ्यात पडणाऱ्या एका मोठ्या हाराएवढे. तेही लाजत लाजत. जो स्वतःच लाजतो त्याला जास्त देऊन अवघडून कशाला टाकायचं?

मुळात या मिरजकरांचा हिशेब पहिल्यापासूनच कच्चा. तिथले फरीदसाहेब सतारमेकर हे हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घरातले. एकोणिसाव्या शतकात, हत्यारांची मागणी आटल्यावर, त्यांनी सतारी-तंबोरे हाती घेतले आणि गावात सतारमेकरांची अख्खी गल्ली उभी राहिली. तलवारीकडून तंबोऱ्याकडे! जगात पैसा दोहोंपैकी कशात आहे, हे तुम्हीच पेपर उघडून बघा. पुढे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्यासारखा तंबोऱ्याच्या बाबतीत तसूभरही तडजोड न करणारा माणूस त्याच गावी येऊन राहिला, त्यामुळे खर्चिक सवयी आणखीच वाढल्या. आता २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कागद मिळाला ना? मग वर भाव कशाला हवा? कारागिरांनाही आमचा सल्ला आहे, की मानांकन फ्रेम करून भिंतीवर लावा आणि पोराला कुपवाडच्या एमआयडीसीत चिकटवा. भीमाकाठच्या शेतकऱ्यांनी ऊस लावावा. मग तंबोरेच होणार नाहीत आणि किमतीचा प्रश्नही उरणार नाही.

तोवर फोन आहे. बंगळुरूच्या राडेल कंपनीने १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला तेव्हा निदान डबी तरी विकत घ्यावी लागे. आता तंबोरा फुकट डाउनलोड होतो. भोपळा फुटत नाही, तार तुटत नाही, रेल्वेत त्याला बर्थ लागत नाही, विमानात तो सामानाच्या पट्ट्यावरून दोन तुकड्यांत येत नाही. विलंबितात मध्येच कर्जाची जाहिरात वाजली, तर ती दाद समजावी. आणि नीट ऐकून ठेवावी, उपयोगी पडेल.

तबलजींचं तर मला कळतच नाही. चामडं आहे, ते वाजवल्यावर झिजणारच. मग वाजवता कशाला एवढं? समेवर एक थाप द्यावी, बाकीच्या मात्रा बोटांवर मोजून दाखवाव्यात. तबल्यावरची काळी शाई वर्षानुवर्षं टिकेल. पेटीवाल्यांनी कृतघ्नपणा सोडावा. त्यांच्या खर्चाची काळजी आकाशवाणीने एकेकाळी किती आपुलकीने वाहिली होती! १९४० साली पेटीवर जी बंदी घातली, ती थेट १९७१ पर्यंत. तीस-एकतीस वर्षं रेडिओसाठी म्हणून कुणाला पेटी घ्यावी लागली नाही.

पाश्चात्त्यांकडे बघा, असं कुणी म्हणेल. अवश्य बघा. इटलीतल्या स्ट्रॅडिव्हरी या कारागिराने १७२१ साली केलेलं ‘लेडी ब्लंट’ हे व्हायोलिन २०११ मध्ये जवळपास १ कोटी ५९ लाख डॉलरना विकलं गेलं. एवढे पैसे कुठला व्हायोलिनवादक देणार? तो देतच नाही. तिकडे असली वाद्यं बऱ्याचदा बँका, प्रतिष्ठानं, धनिक यांच्या मालकीची असतात आणि वादकाला ती वापरायला मिळतात. आपल्याकडची व्यवस्था याहून सुटसुटीत आहे. वाद्य वादकाचं आणि बँकेचे फक्त हप्ते. गाडीसाठी कर्ज आहे, फ्रीजसाठी आहे. सतारीसाठी मागायला गेलात तर साहेब विचारतात, ‘हिची रीसेल व्हॅल्यू काय?’ मग बायकोच्या पाटल्या तारण ठेवायच्या. सोन्याला सूर नसला तरी भाव असतो.

शिवाय महागडं वाद्य कळतं तरी कुणाला? पॅरिसजवळ दहा नामवंत एकलवादकांना काळे चष्मे घालून बारा व्हायोलिनं वाजवायला दिली होती, सहा जुनी इटालियन आणि सहा नवी. त्या जुन्यांतली पाच स्ट्रॅडिव्हरीची. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले. दहापैकी सहांनी पसंत केलं नवं वाद्य, आणि जुनं कुठलं नवं कुठलं हे त्यांना धड ओळखता आलं नाही. आमचे खजिनदार हे वाचून इतके खूश झाले, की सगळ्या कलाकारांना त्यांनी ते फॉरवर्ड केलं. त्यातली नवी व्हायोलिनंही निष्णात कारागिरांनी घडवलेली होती आणि तीही काही स्वस्त नव्हती, हा बारकावा पुढे पाठवण्यासारखा त्यांना वाटला नाही.

एका वर्गाने मात्र किमतीची काळजी जरूर करावी. ज्यांना वाजवता येत नाही, त्यांनी. त्यांनी महागातलं महागच घ्यावं. हस्तिदंती दिसणाऱ्या नक्षीची, दोन भोपळ्यांची सतार हॉलमध्ये टीव्हीच्या डावीकडे उभी करावी, वर पिवळा दिवा सोडावा. तार गंजली तरी हरकत नाही, लांबून चमकते. आणि असं करताना आपण काही गैर करतोय असं वाटू देऊ नये. ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात स्ट्रॅडिव्हरीचं १७१६ सालचं ‘मसाया’ काचेच्या पेटीत आहे. ते जवळजवळ वाजवलंच गेलेलं नाही, आणि म्हणूनच जगातल्या सगळ्यात मौल्यवान व्हायोलिनांमध्ये गणलं जातं. वाजवणाऱ्याच्या हातात गेलं की वाद्य जुनं होतं, दुसरं काय!

तरीही तुमच्या वाद्याचं खरं मोल ठरवून घ्यायचं असेल, तर रसिकांकडे जाऊ नका, सराफाकडे जा. भारतरत्न बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या चांदीच्या सनया डिसेंबर २०१६ मध्ये वाराणसीत घरातून गेल्या. पुढच्याच महिन्यात तपास लागला. त्या घरातल्याच एकाने सराफांना विकल्या होत्या, सतरा हजार रुपयांना, आणि सनयांच्या जागी पोलिसांच्या हाती लागली ती वितळवलेली चांदी. सतरा हजार! त्यात फुंक धरलेली नव्हती, नुसतं वजन. आता तुमची सतार लाकडाची. वखारीत काय येईल ते बघा आणि त्या मानाने काळजी करा.

राहता राहिला मानधनाचा विषय. तो निघतोच, म्हणून सांगतो. यंदा मंडप, एलईडी पडदा, ड्रोन, दोन्ही बाजूंच्या कमानी आणि सूत्रसंचालिकेचा मेकअप एवढं झाल्यावर शिल्लक फार राहिलेली नाही. पण संयोजक वाद्याच्या खर्चाला हातभार लावत नाहीत, हा आरोप आम्हाला मान्य नाही. दर वर्षी शाल कोण देतं? आजवरच्या शाली कपाटात घड्या घालून ठेवल्या असतील, त्या काढा आणि तंबोऱ्याला दुहेरी गवसणी शिवा. नारळही देतोच की. खोबरं घरी वापरा, करवंटी टाकू नका. राजस्थानात करवंटीचा रावणहत्था (गजाने वाजवायचं वाद्य) करतात आणि तो वाजतोही छान. पुढच्या वर्षी तोच घेऊन या, म्हणजे टेम्पोचं भाडं वाचेल. कार्यक्रम सातचा आहे, तुम्ही साउंड चेकला चारला या. उद्घाटनाची भाषणं थोडी लांबतील, तेव्हा तुमच्या वाट्याला वीस मिनिटं धरा. जेवणाचं मात्र तुमचं तुम्ही बघा.