फोटोत फ्लेक्स आलाय? सह्या गोळा करा!

पावसाळी संध्याकाळ, चहाची टपरी, पिवळा दिवा, भिजून चमकणारी रिक्षा. पुण्यातल्या एखाद्या चौकात असा फोटो साधला आणि तो स्टॉक फोटोंच्या, म्हणजे गिऱ्हाइकांना तयार फोटो पुरवणाऱ्या, साइटवर विकून कॅमेऱ्याचा एखादा हप्ता सुटेल असं वाटलं, तर आधी टपरीच्या वर बघा. तिथे भाऊ आहेत. वीस बाय दहाचा फ्लेक्स, पांढरा शर्ट, जोडलेले हात, 'वाढदिवसानिमित्त हार्दिक अभीष्टचिंतन'. घाबरू नका. नियमाने चालणाऱ्याला वाट सापडते.

प्रथम डोकी मोजा. फोटो जाहिरातीसाठी विकायचा तर ओळखू येणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती, म्हणजे मॉडेल रिलीज, हवी. फोटोतल्या फोटोतला माणूसही माणूसच. भाऊ एक. भाऊंच्या डोक्यावर ढगांतून आशीर्वाद देणारे वरिष्ठ चार. त्यातले तीन मुंबईत, एक दिल्लीत. खाली शुभेच्छुक तेवीस, निम्मे गॉगलवाले. गॉगलमुळे ते ओळखू येत नाहीत असं साइटला कळवू नका, त्यांच्या कानावर गेलं तर दुखावतील. कोपऱ्यातले 'चि.' वयाने अज्ञान आहेत, त्यांच्यासाठी पालकांची सही. पालक म्हणजे शुभेच्छुक क्रमांक अकरा, तेवढाच एक हेलपाटा वाचला. सहीला साक्षीदार लागतो आणि तो तुम्ही स्वतः चालत नाही. चहावाल्याला बरोबर न्या. त्याचीही सही राहिलीच आहे. फ्लेक्सवर शर्यतीचा बैल असेल तर मालकाला गाठा, कारण बैल प्रॉपर्टी रिलीजमध्ये, म्हणजे मालमत्तेसाठी मालकाने द्यायच्या लेखी संमतीत, मोडतो. सगळ्या फ्लेक्सवर मानधन मागणार नाही असा तो एकटाच.

मग कलाकार. हसू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र किंवा छायाचित्र ही कलाकृतीच, तिच्यात कलागुण असोत वा नसोत. (मसुदा लिहिणाऱ्याला फ्लेक्सचा साक्षात्कार झाला असावा.) तेव्हा ज्या पोराने रात्री दीड वाजता भाऊंच्या मागे सिंह बसवला, त्याला शोधा. तो आनंदाने सही करेल, पण सिंह त्याचा नाही. सिंह नेटवरून उचललेला, सूर्योदयही तिथूनच. सिंहाचा मूळ फोटोग्राफर बहुधा तुमच्याच साइटवर असेल आणि त्याला या सिंहाचा छदामही मिळालेला नसेल. भेटला तर त्याला त्याच टपरीवर चहा पाजा.

सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या पुतळ्याचा फोटो काढायला हाच कायदा मोकळीक देतो. छापील फलक त्या सवलतीत बसत नाही, मग तो गेल्या गणपतीपासून लटकत का असेना.

शेजारी सराफाच्या जाहिरातीत एखादा नट असेल तर काम आणखी वाढलं. २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, चेहरा, आवाज यांच्या परवानगीशिवाय होणाऱ्या धंदेवाईक वापराला मनाई केली, आणि 'झकास' हा त्यांचा शब्दसुद्धा त्या यादीत घेतला. टपरीच्या पाटीवर 'झकास चहा' लिहिलेलं नाही ना, तेवढं पाहून घ्या. माझी हरकत नाही, साइटचा तपासनीस घेईल.

'फक्त संपादकीय वापरासाठी', म्हणजे बातमी-लेखासोबत चालेल, जाहिरातीत नाही, असा शिक्का मारण्याची पळवाट आहे. त्याने सह्यांची कटकट बरीचशी जाते, आणि बरंचसं गिऱ्हाईकही.

भाऊंकडे अर्ज घेऊन जाल तेव्हा एक गोष्ट चुकूनही विचारू नका: फ्लेक्सचा परवाना. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध महाराष्ट्रात १९९५पासून कायदा आहे, बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७मध्ये सविस्तर आदेशही दिले. तरी ज्या खांबाला आणि ज्या झाडाला फ्लेक्स बांधलाय त्यांच्या वतीने कुणी सही केल्याचं ऐकिवात नाही. तो विषय वेगळा. भाऊ काही फोटो विकत नाहीत. विकायला तुम्ही निघालाय, तेव्हा कागदपत्रं तुमचीच पूर्ण हवीत.

सह्या जमेनातच, तर संगणकावर फ्लेक्स पुसून टाका. मात्र भाऊंच्या जागी कोरी भिंत रंगवायची तर मूळ भिंत कशी दिसते ते आधी पाहायला हवं. म्हणून वाढदिवस उलटल्यावर, फ्लेक्स उतरेल त्या दिवशी, पुन्हा त्याच चौकात जा. भिंतीवर महापालिकेची पाटी दिसेल: 'येथे जाहिराती लावण्यास सक्त मनाई आहे'. पाटीवर पालिकेचं बोधचिन्ह आहे. त्याची परवानगी क्षेत्रीय कार्यालयात मिळते का, ते विचारा. अर्ज दोन प्रतींत न्या, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.