कोकरं लक्षात राहिली, कपाट विसरलो

काल चहा यायच्या आधीच बंड्या पेटला. "थ्रिलरमधल्या तपास करणाऱ्या बाईला लेखक आधी जखम देतो, मग ओळखपत्र. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' सिनेमातली एफबीआयची शिकाऊ तपासनीस क्लॅरिस स्टार्लिंग बघा. वडील गोळी लागून गेले, लहानपणी ऐकलेलं कापल्या जाणाऱ्या कोकरांचं ते किंचाळणं, सगळं कैदेतल्या नरभक्षक डॉक्टर लेक्टरपुढे उघडं करायचं, तेव्हा कुठे तो खुन्याचा एखादा धागा देणार."

"पुरुष डिटेक्टिव्ह काय कमी दुखावलेले असतात? निम्मे दारूत बुडालेले," अण्णा म्हणाले.

"अण्णा, त्यांना जखमा नोकरीनं दिलेल्या. हिला नोकरीच जखमेमुळे."

मला हे बऱ्यापैकी पटत होतं. हा सिनेमा आला त्याच वर्षी, १९९१ मध्ये, ब्रिटिश टीव्हीवर 'प्राइम सस्पेक्ट' मालिकेतली पोलीस अधिकारी जेन टेनिसन आली. तिला केस मिळते ती आधीचा अधिकारी हार्ट अटॅकनं गेला म्हणून. हाताखालचे पुरुष तोंड फिरवून बसलेले, आणि तिला कळतं की प्रेताची ओळखच चुकीची पटवलीय. तिला लहानपणीचं दुःख लागत नाही.

पण ताई शिवणकाम करणारी. ती म्हणाली, "तुम्ही कोकरं लक्षात ठेवलीत, कपाट विसरलात. ओहायोमध्ये त्या मारल्या गेलेल्या मुलीच्या खोलीत क्लॅरिस एकटी जाते. कपाटातल्या ड्रेसवर शंकरपाळ्याच्या आकाराचे कागद टाचलेले. दुसऱ्या मुलीच्या पाठीवरचं कातडं त्याच आकारात कापून नेलेलं. हा खुनी शिवतोय, कातड्याचा पोशाख शिवतोय, हे ती तिथे ओळखते. लेक्टर नव्हता तिथे. आणि तिचा साहेब बंदूकवाले घेऊन दुसऱ्याच गावात रिकाम्या घरात शिरतोय."

बंड्या गप्प झाला. खरं सांगतो, मीही सिनेमा तीनदा पाहिलाय आणि ते कपाट माझ्या डोक्यात नव्हतं. याचं मला वाईट वाटलं. लेखकानं तिला कसब दिलं होतं, आम्ही रडणं तेवढं उचललं.

"बरं, मग शेवटी दिवे का घालवले?" बंड्या पुन्हा उसळला. "खुन्याला अंधारात दिसणारा चष्मा, कॅमेरा त्याच्या डोळ्यातून, ती हात पुढे करून चाचपडतेय. एवढी हुशार बाई, आणि आपल्याला बघायला बसवलं शिकाऱ्याच्या जागी!"

"खटक्याचा आवाज ऐकून वळते आणि गोळी घालते ती," ताई म्हणाली.

"घालते ना. पण त्याआधी किती वेळ, ताई? तेवढा वेळ आपण कोणाच्या डोळ्यांनी बघत होतो?"

ताईनं ग्लास खाली ठेवला. याला तिच्याकडेही उत्तर नव्हतं.