हवाईयन म्युझिक एल्विसने फेमस केलं म्हणे!

एक पोस्ट सध्या जिकडेतिकडे फिरतेय. तिचं म्हणणं असं की हवाईचं संगीत जगाला कळलं ते अमेरिकन गायक एल्विस प्रेस्लीच्या 1961 च्या ‘ब्लू हवाई’ सिनेमामुळे, तोवर ते बेटांपुरतंच होतं, तसंही ते टुरिस्टांसाठी गोऱ्यांनी रचलेलं नकली प्रकरण, आणि ती सुरांवरून घसरत जाणारी गिटार तर अमेरिकेतल्या गावाकडच्या गोऱ्यांच्या कंट्री म्युझिकवाल्यांचीच. लोक डोळे झाकून फॉरवर्ड करतायत.

पहिलं एल्विसचंच घ्या. त्या सिनेमाचं टायटल साँगच मुळात 1937 चं आहे राव, गायक-नट बिंग क्रॉस्बीच्या ‘वायकिकी वेडिंग’ या सिनेमासाठी लिहिलेलं. त्याच सिनेमातल्या ‘स्वीट लेइलानी’ला ऑस्कर मिळालं, तेही नामांकित संगीतकार गर्श्विनच्या गाण्याला हरवून, तेव्हा एल्विस तीन वर्षांचा होता. आणि ही पण सुरुवात नाहीच. 1915 ला सान फ्रान्सिस्कोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथल्या हवाईच्या दालनात युकुलेले (चार तारांची छोटी गिटार) आणि स्टील गिटार (तीच ती घसरत्या सुरांची) ऐकायला लोकांची झुंबड उडायची, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत हवाईयन रेकॉर्ड्स धडाधड खपत होत्या. पुढे 1935 पासून वायकिकीच्या मोआना हॉटेलमधून ‘हवाई कॉल्स’ हा रेडिओ प्रोग्राम सुरू झाला तो थेट 1975 पर्यंत चालला, आणि न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन हॉटेलात तर 1937 पासून खास हवाईयन रूमच होती, जेवा आणि बँडवर नाचा. याला बेटांपुरतं म्हणायचं?

नकलीचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य. न्यूयॉर्कच्या गीतकारांनी कधी हवाई बघितलेलंही नसायचं, यमकाला काहीतरी हुला-बुला बडबड घालून गाणी पाडायचे. ‘स्वीट लेइलानी’ लिहिणारा हॅरी ओवेन्ससुद्धा मेनलँडवरचा, म्हणजे मुख्य अमेरिकेतला गोरा. पण इंग्लिश शब्दांची हवाईयन गाणी गाजवायला सुरुवात केली ती सनी कुन्हाने, तो होनोलुलूचाच. आणि क्रॉस्बीच्या त्या रेकॉर्डवर मागे वाजवतोय कोण, तर लानी मॅकिंटायरचा बँड, तोही हवाईचाच. नाव क्रॉस्बीचं झालं, हा भाग वेगळा.

गिटारचं वाचून मात्र डोकंच फिरलं. हे तंत्र जोसेफ केकुकूचं मानलं जातं, ओआहू बेटावरच्या लाइए गावचा पोरगा, 1880 च्या दशकात शाळेत असताना त्याने हे काढलं. गिटार मांडीवर आडवी, तारा पट्टीपासून उचललेल्या, डाव्या हातात स्टीलचा तुकडा, तो तारेवरून सरकवला की सूर तुटतच नाही, मींड घेतल्यासारखा वाहत जातो. 1904 ला केकुकू अमेरिकेत गेला, पुढे युरोपही फिरला. त्यानंतरचा सोल होओपी तर याच वाद्यावर चक्क जॅझ वाजवायचा, 1920 च्या दशकातल्या त्याच्या रेकॉर्ड्स ऐका, कसला झपाटा आहे! कंट्रीचा बाप समजला जाणारा जिमी रॉजर्स, त्याने 1930 मध्ये याच मॅकिंटायरच्या बँडसोबत रेकॉर्डिंग केलं, म्हणजे कोणाकडून कोणाकडे गेलं ते कळतंच. अजून एक, रिकनबॅकर कंपनीची ‘फ्राइंग पॅन’, बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, तीसुद्धा मांडीवर ठेवून हवाईयन पद्धतीने वाजवायचीच होती. नाचाच्या हॉलमध्ये सॅक्सोफोन आणि ड्रम्सपुढे साध्या गिटारचा आवाज पोचायचा नाही, म्हणून वीज.

आणि ‘आपल्याकडे तर कोणाला माहीतही नव्हतं’ असं कुणीतरी वर जोडलंय. अहो, हवाईत वाढलेला ताऊ मो 1940 च्या दशकात बायकामुलांसह कलकत्त्यात राहून वाजवत होता, त्याच्याकडून तिथली पोरं शिकली. मुंबईत व्हॅन शिपली हिंदी सिनेमाची गाणी इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवर वाजवायचा. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मधे ‘हवाईयन गिटारवर फिल्मी धून’ ऐकलेले लोक घरात असतीलच, फॉरवर्ड करायच्या आधी त्यांना तरी विचारा.