सिंगापूरची फाशी नको, तराजू घ्या

ग्वाल्हेरला स्मॅक, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, पकडल्याची बातमी आली की घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मामांचा मेसेज ठरलेला: ‘सिंगापूरसारखं फासावर चढवा, महिन्याभरात शहर साफ होईल.’ मी सिंगापुरातच राहते, म्हणून साक्षीला मलाच बोलावतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांमध्ये या पुड्यांनी किती घरं नासवली ते मलाही माहीत आहे, आणि मामांचा संताप मला पटतो. पण त्यांच्या बाजूने साक्ष देववत नाही.

मुळात फाशी आपल्याकडे आहेच. १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात १९८९ साली कलम ३१ अ आलं: मोठ्या मालासह दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर काही गुन्ह्यांत सक्तीचा मृत्युदंड. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ही सक्ती घटनाबाह्य ठरवली आणि २०१४च्या दुरुस्तीत ती गेली. फाशीची तरतूद मात्र कायम आहे. सिंगापुरात सगळं झटपट होतं, असंही मामा समजतात. मलेशियाच्या नागेंद्रन धर्मलिंगमला ४२.७२ ग्रॅम हेरॉइनसह पकडलं २००९ मध्ये, फाशी दिली २०२२ मध्ये. त्याच्या कमी बुद्ध्यंकावरून जगभर वाद झाला. त्या फाशीचं समर्थन मला कधीच करता येणार नाही.

सिंगापूरकडून शिकायचंच तर वजन कसं करतात ते शिकावं. फाशीची रेषा इथे १५ ग्रॅमची, पण ती शुद्ध हेरॉइनची. भुकटीतली भेसळ त्यात धरत नाहीत. आपल्याकडे ५ ग्रॅमपर्यंत अल्प आणि २५० ग्रॅमच्या वर व्यापारी मात्रा. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालानुसार भेसळीसकट सगळं मिश्रण तोलायचं. समजा, ३०० ग्रॅम भुकटीत २ टक्के हेरॉइन आहे. खरा माल ६ ग्रॅम. सिंगापुरात हा माणूस सुटणार नाही, कडक शिक्षाच होईल, पण फाशीच्या रेषेच्या निम्म्याच्याही आत राहील. आपल्याकडे तोच थेट व्यापारी मात्रेत जातो: किमान १० वर्षं, कमाल २०. वर कलम ३७. म्हणजे हा दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे, अशी न्यायाधीशांची जामिनाच्या वेळीच खात्री पटली पाहिजे. खटला उभा राहण्याआधीच वर्षं आत जातात. आणि अशी भेसळीची भुकटी वाहतो कोण? सगळ्यात खालचा पोऱ्या. शुद्ध माल हाताळणारा वर सुरक्षित असतो.

नुसत्या सेवन करणाऱ्याचं काय? इथे २०१९ पासून, दुसरा गुन्हा नसेल आणि सेवन कबूल केलं असेल, तर कितव्यांदाही पकडला तरी तुरुंगाऐवजी सक्तीच्या पुनर्वसन केंद्रात पाठवतात. गुन्ह्याची नोंद होत नाही. केंद्र म्हणजे काही आश्रम नव्हे, चार वर्षांपर्यंत डांबता येतं, सुटल्यावरही लघवीच्या तपासण्या चालू राहतात. आमच्या इमारतीतला एक मुलगा घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून रोज पहाटे कोपऱ्यावरच्या फूड कोर्टात कामाला जायचा. लिफ्टमधल्या आजी त्याला जेवलास का विचारायच्या. पट्टा सगळ्यांना दिसायचा, त्यावरून कोणी त्याला काम नाकारलं नाही.

आमच्या ओळखीतला ग्वाल्हेरचा एक मुलगा खिशात दोन-तीन पुड्यांसह सापडला. माल ५ ग्रॅमच्या आतच. आईने वकिलासाठी पाटल्या मोडल्या. अल्प मात्रेतल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारमान्य केंद्रात पूर्ण उपचार घेतले तर कलम ६४ अ प्रमाणे खटल्यातून सूट मिळते, हे तिला ना ठाण्यात कळलं, ना कोर्टात. केस लागली, दुकानातली नोकरी गेली, व्यसन तसंच राहिलं. मामा, फासावर चढवायचं म्हणता ते यालाच का?

शुद्धतेचं मोजमाप आपल्याला जमणार नाही, असं कोणी म्हणू नये. मंदसौर-नीमचच्या अफूच्या परवान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय आपल्याच ग्वाल्हेरच्या मोरार भागात आहे. शेतकऱ्याने दिलेल्या अफूतून हेक्टरी किती मॉर्फिन निघालं ते मोजून त्याचा पुढचा परवाना ठरतो. शेतकऱ्याच्या अफूतलं मॉर्फिन मोजणारं सरकार आरोपीच्या पुडीतलं हेरॉइनही मोजू शकतं. त्यासाठी संसदेने कायदा बदलावा, आणि ही मागणी ग्वाल्हेरमधूनच व्हावी.