१९६६चा बॅटमॅन बावळट नव्हता

बॅटमॅनचा नवा चित्रपट येणार अशी कुणकुण लागली की एक मजकूर पुन्हा फिरायला लागतो. सोबतचं चित्रही ठरलेलं असतं: हेलिकॉप्टरच्या शिडीला लोंबकळणारा, बॅटमॅन झालेला नट ॲडम वेस्ट, पायाला चिकटलेला रबरी शार्क आणि हातात शार्क पळवायचा फवारा. मजकुराचा आशय असा: १९६६ची ती टीव्ही मालिका करणाऱ्यांना बॅटमॅन कळलाच नव्हता. टाकाऊ सेट, ठोकळा नायक, मारामारीत पडद्यावर उमटणारे ‘पॉव’ आणि ‘झॅप’. एका काळोख्या, गंभीर पात्राचं त्यांनी हसं करून ठेवलं आणि ते निस्तरायला कॉमिक्सवाल्यांची वीस वर्षं गेली. मुलांसाठीचं काहीतरी ते, आज ती मालिका पाहायची तर फक्त टर उडवायला.

मी ही मालिका अलीकडेच पुन्हा पहिल्या भागापासून पाहिली, आणि या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य खोडून काढावंसं वाटलं. सुरुवात त्या चित्रापासूनच करते. शार्कचा प्रसंग मालिकेतला नाहीच. पहिला सीझन संपल्यावर त्याच मंडळींनी केलेल्या आणि जुलै १९६६मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटातला तो आहे.

आता ‘टाकाऊ’ आणि ‘कळलंच नाही’ हे आरोप. बॅटमॅनचं नकळत हसं होणं म्हणजे काय, हे अमेरिकन प्रेक्षकांना या मालिकेच्या आधीच ठाऊक होतं. कोलंबिया स्टुडिओने १९४३मध्ये बॅटमॅनवर पंधरा भागांचा सिरियलपट, म्हणजे चित्रपटगृहात भागाभागाने दाखवायचा चित्रपट काढला होता. १९६५मध्ये त्याचे सगळे भाग सलग दाखवायला सुरुवात झाली तेव्हा लोक खो खो हसायला म्हणूनच गेले. ते हसू त्या सिरियलपटाच्या कर्त्यांना अपेक्षित नव्हतं. निर्माता विल्यम डोझियर आणि लेखक लॉरेन्झो सेंपल (धाकटे) यांनी मात्र १२ जानेवारी १९६६ला एबीसी वाहिनीवर जे आणलं ते पूर्ण हिशोबाने आणलं. मुलांना ते थरारक वाटावं आणि मोठ्यांना हसू यावं, ही डोझियरची उघड भूमिका होती. मालिकेतला तो ताणून ताणून बोलणारा निवेदकाचा आवाज खुद्द डोझियरचाच. खलनायकाच्या अड्ड्यावर गेलं की कॅमेरा तिरपा होतो आणि बॅटमॅनच्या तळावर, बॅटकेव्हमध्ये परतलं की सरळ. एमी या टीव्ही पुरस्कारासाठी मालिकेला नामांकन मिळालं ते ‘उत्कृष्ट विनोदी मालिका’ या गटात. तरीही कुठे हसायचं हे सांगणारा ध्वनिमुद्रित हशा त्या काळच्या बहुतेक विनोदी मालिकांसारखा इथे नव्हता. प्रेक्षकाच्या अकलेवर एवढा भरवसा ठेवणाऱ्यांना काही कळत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं आहे.

पण मला खरा राग येतो तो ‘मूळचा काळोखा बॅटमॅन’ या गोष्टीचा. ती इतक्यांदा सांगितली गेली आहे की कुणी जुने अंक उघडून पाहतच नाही. बॅटमॅन पहिल्यांदा छापला गेला १९३९च्या मे महिन्याच्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मध्ये. त्याचा साथीदार रॉबिन आला १९४०च्या एप्रिल अंकात. म्हणजे एकटा, अबोल, रात्री भटकणारा बॅटमॅन एक वर्षसुद्धा टिकला नाही. त्यानंतर लाल-हिरव्या कपड्यांतला हसरा मुलगा त्याच्याशेजारी कायम उभा राहिला. १९५४मध्ये कॉमिक्स कोड आला आणि हिंसा, भय यांच्यावर बंधनं आली. मग बॅटमॅनच्या शहरात, गॉथममध्ये, परग्रहवासी उतरू लागले. १९५५मध्ये मुखवटा घातलेला एस हा कुत्रा आला. १९५९मध्ये दुसऱ्या मितीतून बॅट-माइट नावाचा बुटका खोडकर प्राणी आला. १९६२च्या एका अंकात तर खुद्द बॅटमॅनच लहान मूल होऊन बसतो.

मार्च १९५७च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मधली गोष्ट तर डोळ्यांसमोरून हलत नाही. बॅटमॅन दर वेळी वेगळ्या भडक रंगाचा पोशाख घालून बाहेर पडतो. कधी गुलाबी, कधी हिरवा, शेवटी तर अंगावर अख्खं इंद्रधनुष्य. रॉबिनला काही समजत नाही. कारण शेवटी उलगडतं. डिक ग्रेसनच्या, म्हणजे मुखवट्याविनाच्या रॉबिनच्या, हाताला लोकांदेखत दुखापत झालेली असते. तोच जखमी हात रॉबिनचा आहे हे कुणाच्या लक्षात येऊ नये, म्हणून बॅटमॅन सगळ्यांची नजर स्वतःकडे खेचून घेत असतो. वेडगळ कल्पना, पण तिच्या आत एका मुलाची केवढी काळजी! आणि हे टीव्हीवरच्या मालिकेच्या नऊ वर्षं आधीचं आहे. १९६४मध्ये संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी परग्रहवासी हटवले, छातीवरच्या वटवाघळाभोवती पिवळं लंबवर्तुळ आणलं आणि कथा पुन्हा गुन्ह्यांच्या तपासाकडे वळवल्या, हे मान्य. पण मालिकेची पहिलीच गोष्ट श्वार्ट्झ यांच्याच १९६५च्या अंकातून घेतलेली आहे. त्यातून काय घ्यायचं ते सेंपलना नीट ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट या मजकुरात कधीच येत नाही. बॉब केनबरोबर बॅटमॅन घडवणारे, पण हयातीत ज्यांना सहनिर्मात्याचं अधिकृत श्रेय मिळालंच नाही, ते बिल फिंगर. त्यांनी चार्ल्स सिंक्लेअर यांच्याबरोबर याच मालिकेसाठी क्लॉक किंग या खलनायकाची दोन भागांची गोष्ट लिहिली. ती ऑक्टोबर १९६६मध्ये दाखवली गेली. फिंगर यांचं नाव बॅटमॅनच्या निर्मात्यांत अधिकृतपणे यायला २०१५ उजाडलं. ‘त्यांना बॅटमॅन कळला नाही’ या वाक्यातल्या ‘त्यांना’मध्ये बॅटमॅनचा जन्मदाताही बसतो, एवढं तरी लक्षात घ्या.

कॉमिक्सचं नुकसान झालं म्हणतात, तर हिशोबच मांडू. ‘बॅटमॅन’ मासिकाचा सरासरी खप १९६५मध्ये साडेचार लाखांच्या घरात होता, १९६६मध्ये तो ९ लाखांच्या आसपास गेला. कोडी घालणारा खलनायक रिडलर १९४८मध्ये दोन गोष्टींत आला आणि पुढे १९६५पर्यंत गायब होता. फ्रँक गॉर्शिनने त्याला खिदळत, अंग पिळवटत असा काही उभा केला की तो कायमचा पहिल्या रांगेतला खलनायक झाला, आणि गॉर्शिनला एमीचं नामांकन मिळालं. मिस्टर फ्रीझ कॉमिक्समध्ये मिस्टर झीरो या नावाने एक किरकोळ चोर होता. आजचं नाव मालिकेने दिलं. बॅटमॅनचा घरचा नोकर आल्फ्रेड याला १९६४मध्ये कॉमिक्सवाल्यांनी मारून टाकलं होतं. मालिकेत ॲलन नेपियरचा आल्फ्रेड होता, म्हणून १९६६मध्ये त्याला पुन्हा जिवंत करावं लागलं. बार्बरा गॉर्डन ही बॅटगर्ल डोझियरला मालिकेसाठी एक नायिका हवी होती म्हणून जन्माला आली. श्वार्ट्झ आणि चित्रकार कार्माइन इन्फँटिनो यांनी ती आधी कॉमिक्समध्ये आणली आणि मग तिसऱ्या सीझनमध्ये इव्हॉन क्रेगने साकारली. आजच्या ‘गंभीर’ बॅटमॅनमधून आल्फ्रेड, रिडलर, फ्रीझ आणि बार्बरा काढून टाका, मग काय उरतं ते पाहा.

मालिका संपल्यावर खप घसरला, हे खरं आहे. पण वीस वर्षं? लेखक डेनिस ओनील आणि चित्रकार नील ॲडम्स यांची पहिली अंधारी बॅटमॅन-कथा जानेवारी १९७०च्या अंकात आली. मालिकेचा शेवटचा भाग मार्च १९६८मधला. दोन वर्षंही मधे गेली नाहीत.

ॲडम वेस्टला अभिनय येत नव्हता, असं म्हणणाऱ्यांसाठी पहिलाच भाग पुरेसा आहे. रिडलर बॅटमॅनला चुकीची अटक करायला भाग पाडतो आणि त्याच्यावर दहा लाख डॉलरचा दावा ठोकतो. कोर्टात उभं राहायचं तर मुखवटा उतरवावा लागणार, हा पेच. माग काढत बॅटमॅन एका डिस्कोथेकमध्ये जातो. रॉबिन अल्पवयीन, म्हणून त्याला गाडीतच बसवून ठेवतो. आत बसायला पुढचं टेबल देऊ केलं जातं तेव्हा केप आणि मुखवट्यातला हा माणूस सांगतो की मी बारपाशीच उभा राहीन, लोकांचं लक्ष वेधून घ्यायची माझी इच्छा नाही. मग संत्र्याचा रस मागवतो. वेस्टच्या चेहऱ्यावर रेषही हलत नाही, आवाजात मिश्कीलपणाचा लवलेश नाही. रसात गुंगीचं औषध मिसळलेलं असतं. थोड्या वेळाने तो झिंगून, तरीही तितक्याच सभ्यपणे नाचतो आणि बाहेर आल्यावर गाडी चालवायच्या अवस्थेत नाही म्हणून पोलीस त्याच्याकडून किल्ल्या मागतात. डोळा मारून केलेला विनोद एका भागात शिळा होतो. वेस्टने तो १२० भाग ताजा ठेवला, कारण प्रेक्षकाला डोळा मारायचा मोह त्याने टाळला. आपल्या वगातला राजा सोंगाड्याच्या कितीही आचरट प्रश्नांना राजाच्याच रुबाबात उत्तर देतो, म्हणून तर हशा पिकतो. राजाच फिस्सकन हसला की वग कोसळला.

चित्रपटातला बॉम्बचा प्रसंग याच अभिनयाचा कळस आहे. पेटती वात असलेला काळा गोल बॉम्ब डोक्यावर धरून बॅटमॅन धक्क्यावर धावतोय. इकडे नन्स, तिकडे बाबागाडी घेतलेली आई, पुढे बँड वाजवणारे, पाण्यात होडीत बसलेलं जोडपं. शेवटी एक मोकळी जागा दिसते, तर तिथे बदकं आणि पिल्लं. तो तिथेही बॉम्ब टाकत नाही. मी हा प्रसंग माझ्या सात वर्षांच्या भाचीबरोबर पाहिला. मी हसत होते, ती माझा हात घट्ट धरून विचारत होती, “मावशी, आता बदकांचं काय होणार?” डोझियरला हेच हवं होतं: एकाच क्षणी एकीला हसू आणि दुसरीला धाकधूक. आणि दोघींनाही दिसलेला माणूस एकच होता, बदकांसाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणारा. बॅटमॅन कुणाचा जीव घेत नाही, हे तत्त्व पुढच्या कितीतरी अंधाऱ्या चित्रपटांत पाळलं गेलेलं नाही.

‘बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज’ करणाऱ्यांना, म्हणजे गंभीर बॅटमॅनचा आदर्श मानल्या जाणाऱ्या मालिकेच्या कर्त्यांना, वेस्टचं मोल कळलं होतं. १९९२मध्ये त्यांनी ग्रे घोस्ट हे पात्र रचलं: जुन्या टीव्ही मालिकेतला नायक, ज्याला त्या एकाच भूमिकेमुळे पुढे काम मिळत नाही आणि ज्याला पाहत ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याआडचा बॅटमॅन, लहानाचा मोठा झाला. आवाज ॲडम वेस्टचा. २०१७च्या जून महिन्यात वेस्ट गेला तेव्हा लॉस एंजेलिसच्या सिटी हॉलवर बॅट-सिग्नल, म्हणजे बॅटमॅनला हाक मारणारा वटवाघळाच्या आकाराचा प्रकाशझोत, झळकवण्यात आला.

राहिलं ‘मुलांसाठीचं काहीतरी’. नोव्हेंबर १९६६च्या पहिल्या आठवड्यात पेंग्विन या खलनायकाने गॉथमच्या महापौरपदाची निवडणूक लढवली. बर्जेस मेरेडिथचा पेंग्विन बँडबाजा लावतो, बिल्ले वाटतो, नाचगाणी ठेवतो. जनमत चाचण्यांत तो सुसाट पुढे. समोर उभा राहिलेला बॅटमॅन फक्त शहराच्या प्रश्नांवर बोलतो आणि ते ऐकायला फारसं कुणी थांबत नाही. हे भाग २ आणि ३ नोव्हेंबरला दाखवले गेले. ८ तारखेला अमेरिकेत मतदान झालं आणि त्यात रोनाल्ड रेगन हा नट कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. हा व्यंग्याचा फटका शाळकरी मुलांसाठी मारलेला नव्हता.

त्या मजकुरातलं एक मात्र मला पटतं: सेट टाकाऊ झाले होते, पण तिसऱ्या सीझनमध्ये. पैसा आटला, आठवड्याला दोनऐवजी एकच भाग उरला, काळ्या पडद्यासमोर चार पुठ्ठे उभे करून अड्डे दाखवले जाऊ लागले. मारामारीतले शब्द पहिल्या सीझनमध्ये चालू दृश्यावर उमटायचे. पुढे खर्च वाचवायला मधेच रंगीत पाट्या दाखवल्या जाऊ लागल्या आणि लय तुटली. त्यामुळे पहिल्यांदा पाहणार असाल तर रिडलरच्या पहिल्या दोन भागांपासून सुरुवात करा, मग पेंग्विनची निवडणूक पाहा, ज्युली न्यूमारची कॅटवुमन अजिबात चुकवू नका. तिसऱ्या सीझनमधलं बाकी काही राहिलं तरी चालेल, पण अर्था किटची कॅटवुमन तेवढी पाहाच.